मोटारसायकल आणि स्वार दोघांनाही नेणारं परवडणारं विमान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अॅरिझोनात राहतो, लहान विमान चालवतो आणि सुट्टी मिळाली की मातीत गाडी घालतो. हे दोन्ही नाद एकाच माणसाला आहेत म्हटल्यावर तिसरा प्रश्न ओघानेच येतो: मग गाडी विमानातूनच का नेत नाहीस? इथल्या मराठी मंडळींपैकी निदान डझनभर लोकांनी तो विचारलाय. काहींनी थट्टेत, दोघांनी खरोखर विमान विकत घ्यायच्या तयारीने. दर वेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. खाली ‘गाडी’ म्हणजे मोटारसायकलच. चारचाकीला मी कार म्हणेन. हिशेब अमेरिकेतला आहे, कारण असला उद्योग खाजगी माणसाला करता येईल अशी सोय इथे आहे.

सगळ्यात आधी विमानाचं काय बघायचं?

दार.

वेग, पल्ला, इंजिन, रंग सगळं मागाहून. लोक विमानाच्या माहितीपत्रकात किती किलो उचलतं ते बघतात आणि खूश होतात. गाडीच्या बाबतीत वजन शेवटी अडतं, दार आधी. मोटोक्रॉसची होंडा सीआरएफ४५०आर घ्या. वजन साधारण ११२ किलो, म्हणजे जाडजूड माणसाइतकं. पण लांबी जवळजवळ २.२ मीटर, हँडल ८० सेंटिमीटरच्या वर, उंची सव्वा मीटर. माणूस वाकतो, पाय दुमडतो. गाडी दुमडत नाही.

आणि नुसती दाराची रुंदी मोजून भागत नाही. चाळीच्या जिन्यातून गोदरेजचं कपाट वर नेलंय कधी? जिना पुरेसा रुंद असतो, वळणावर कपाट अडतं. विमानाचं दार बहुतेक वेळा बाजूला असतं आणि आतली जागा बोळासारखी, दाराला काटकोनात. गाडी दारातून सरळ आत शिरते आणि मग तिला नव्वद अंशात वळवावं लागतं. समोरची भिंत दीड मीटरवर असेल तर सव्वादोन मीटरची गाडी वळणार कशी? पुढचं चाक काढून, हँडल सोडवून, तिरकी करून. किंवा नाहीच.

म्हणून माझा सल्ला असा: विमान बघायला जाताना खिशात मोजपट्टी न्या आणि बरोबर गाडीच्या आकाराचा पुठ्ठ्याचा सांगाडा न्या. विकणारा हसेल. हसू द्या.

चार जागांच्या साध्या विमानात काहीच जमणार नाही का?

सेसना १७२ मध्ये? फोल्डिंगची सायकल जमेल. पुढे चला.

मग कमी पैशात सुरुवात कुठून करायची?

तीन नावं लक्षात ठेवा. तिन्ही एका पिस्टन इंजिनाची, साधारण ३०० अश्वशक्तीची, न मिटणाऱ्या चाकांची विमानं आहेत.

पहिलं पायपर चेरोकी सिक्स. १९६५ पासूनचं मॉडेल. खालच्या पंखाचं, सहा-सात जागांचं. मागच्या बाजूला माणसांचं दार आणि त्याला लागून सामानाचं दार, दोन्ही उघडली की बऱ्यापैकी भगदाड होतं. उपयुक्त भार, म्हणजे माणसं, सामान आणि इंधन मिळून, ७०० किलोच्या आसपास. आता हिशेब करा. दोन स्वार कपड्या-बुटांसह १९० किलो, अडीच-तीन तासांचं इंधन १३५ किलो. उरले पावणेचारशे किलो. त्यात सीआरएफ तीन बसतील! कागदावर. प्रत्यक्षात एक बसते, पुढचं चाक आणि हँडल काढून, मागच्या सगळ्या खुर्च्या घरी ठेवून. दार हे असं अडतं.

दुसरं सेसना २०६. १९६४ पासून बनतंय, १९८६ ते १९९८ मध्ये बंद होतं. वरच्या पंखाचं असल्याने गाडी ढकलताना पंखाचा अडथळा नाही, आणि उजवीकडे मागे कपाटासारखं दोन पाखांचं दार आहे. रुंदी ११० सेंटिमीटरच्या आसपास, उंची त्याहून थोडी कमी. अलास्कात आणि कॅनडात लोक याला मालवाहू टेम्पोच समजतात. मला विचाराल तर एक गाडी, दोन स्वार, तंबू आणि अवजारं यासाठी हेच विमान. पण दाराची एक खोड माहीत हवी. पंखाचे फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेच्या वळणाऱ्या फळ्या, खाली असले की ते त्या दाराच्या पुढच्या पाख्याला आडवे येतात. पुढचं पाखं पूर्ण उघडत नाही आणि मागचं उघडायला जादा खटपट करावी लागते. कॅनडात पाण्यात उलटलेल्या अशा विमानांतून मागची माणसं बाहेर पडू न शकल्याचे प्रसंग घडलेत. तेव्हा मागे बसणाऱ्याला दार कसं उघडायचं हे जमिनीवर, डोळे मिटून, दोनदा करायला लावा.

तिसरं गिप्सएरो जीए८ एअरव्हॅन. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातलं, २००० साली प्रमाणपत्र मिळालेलं. आठ जागा, सपाट फरशी, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे डावीकडे सरकतं दार. ओम्नी व्हॅनसारखं, विमान हवेत असतानाही उघडता येईल असं. मराठी वाचकाला यात जास्तीचा रस असायला हरकत नाही, कारण २००९ मध्ये मुंबईच्या महिंद्रांनी या कंपनीचा मोठा हिस्सा घेतला होता. जीप आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्यांनी विमानही ट्रॅक्टरच्या स्वभावाचंच निवडलं, याचं मला कौतुक आहे. पुढे २०२० मध्ये उत्पादन थांबलं आणि २०२३ मध्ये एका मूळ संस्थापकाने कंपनी परत घेतली. वापरलेली एअरव्हॅन बाजारात कमी दिसतात, आणि दिसली तरी त्यांची किंमत जुन्या २०६ पेक्षा चढी असते.

दोन गाड्या आणि दोन स्वार, चाकं न काढता?

इथून टर्बाइन, म्हणजे जेट इंधनावरचं इंजिन, सुरू होतं आणि तुमच्या बायकोला हे पान दाखवायची वेळ संपते.

सेसना कॅराव्हान हे १९८४ पासूनचं काम करणारं जनावर. सामानाचं दार सुमारे १२४ बाय १२७ सेंटिमीटर, आतली रुंदी १६० च्या जवळ. हँडल फिरवून, थोडी तिरकी करून गाडी आत जाते. मोठ्या टूरिंग गाड्यांचं पुढचं चाक मात्र काढावंच लागतं. फरशी उंचावर आहे, त्यामुळे चांगली भक्कम रॅम्प हवी. फळी टाकून चार जणांनी ‘हैय्या’ करायचं काम नाही हे. इंधन तासाला १९० लिटरच्या आसपास, पण ते जेटचं, बहुतेक विमानतळांवर मिळणारं. नवं घ्यायचं तर पंचवीस-तीस लाख डॉलरच्या गोष्टी आहेत. जुनी, मालवाहतुकीत घासलेलीही स्वस्त नाहीत, कारण ज्याच्याकडे कॅराव्हान आहे त्याचं ती पोट भरते. तो कशाला विकेल?

पिलाटस पीसी-१२ चं दार आणखी थोडं मोठं, आणि आत हवेचा दाब राखलेला. त्यात गाड्या नेणारे लोक आहेत. त्यांना ‘परवडणारं’ हा शब्द शोधत इथपर्यंत यायची गरज पडत नाही.

यूट्यूबवर ते सोव्हिएत दुपंखी बघितलं. स्वस्त आहे, अजस्र आहे. घेऊ का?

अँटोनोव्ह एएन-२. या विमानाच्या प्रेमात न पडलेला माणूस मी बघितलेला नाही. पहिलं उड्डाण १९४७, पुढे अठरा हजारांवर बनली. एकच इंजिन, नऊ सिलिंडरचं, १००० अश्वशक्तीचं. आत माणूस ताठ उभा राहतो. दार दीड मीटरच्या चौकोनाच्या जवळपास. दीड टन उचलतं आणि शेतातून उडतं. अमेरिकेत कधीमधी चांगल्या वापरलेल्या २०६ पेक्षाही कमी किमतीत मिळतं.

स्वस्त मिळतं त्याला कारणं आहेत. तासाला १८० ते २०० लिटर पितं, आणि तेही जेट इंधन नाही, महागडं अॅव्हगॅस, म्हणजे पिस्टन विमानांचं पेट्रोल. वर तेल वेगळं. सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवून खालच्या सिलिंडरात तेल साचलंय का ते बघायचं. वेग इतका मंद की महामार्गावरच्या ट्रकला मागे टाकल्याचाच आनंद. आणि खरी मेख अशी की अमेरिकेत बहुतेक एएन-२ ‘प्रायोगिक, प्रदर्शनासाठी’ या वर्गात नोंदलेली असतात. कुठे उडवायचं, कशासाठी उडवायचं याला त्या कागदावर मर्यादा असतात. ‘दर शनिवारी मित्रांच्या गाड्या नेतो’ हे त्यात बसवताना शब्दांची बरीच कसरत होते, आणि विमा कंपनीला अशा कसरती आवडत नाहीत.

शेजाऱ्याने घ्यावं आणि आपण फोटो काढावेत, असं विमान आहे ते.

चार मित्र, चार गाड्या. काही उपाय?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण याचं खरं उत्तर आहे आणि ते दिसायला अगदी कुरूप आहे.

शॉर्ट स्कायव्हॅन. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या शॉर्ट ब्रदर्सचं. पहिलं उड्डाण जानेवारी १९६३, १९८६ पर्यंत दीडशेच्या आसपास बनली. लोक त्याला उडता बुटांचा खोका म्हणतात आणि ते अतिशयोक्त नाही. आतला छेद जवळपास चौकोनी, १.९८ मीटर बाय १.९८ मीटर. लांबी साडेपाच मीटरच्या वर. आणि मागची अख्खी भिंत म्हणजे दार. वर उचललं जातं आणि समोर मोकळा बोळ. इथे कपाट वळवायचं नाही. रॅम्प लावा, पहिला गिअर न टाकता गाडी ढकलत सरळ आत न्या, बांधा, पुढची आणा.

दोन गाड्या शेजारी-शेजारी ठेवल्या तर हँडलं १७० सेंटिमीटरच्या आत मावतात. अशा दोन ओळी म्हणजे ४.४ मीटर. उरलेल्या सव्वा मीटरमध्ये चौघांची एक ओळ, एसटीच्या मागच्या बाकासारखी खेटून. गाड्या उलटसुलट तोंडं करून लावल्या तर थोडी आणखी जागा निघते. चार सीआरएफ आणि चार स्वार मिळून सव्वाआठशे किलो होतात. स्कायव्हॅन दोन टन उचलतं, म्हणजे उरलेलं सगळं इंधनाला.

दोन टर्बोप्रॉप इंजिनं, प्रत्येकी ७१५ अश्वशक्ती, दोन्ही मिळून तासाला ३०० लिटरच्या आसपास जेट इंधन. आकडा ऐकून घाम फुटतो. पण थांबा. फिनिक्स ते युटातलं मोआब सरळ रेषेत सहाशे किलोमीटर. स्कायव्हॅनला दोन तास. सहाशे लिटर, गॅलनला सहा डॉलर धरले तर साडेनऊशे डॉलर. चार गाड्यांत वाटले तर गाडीमागे २४० डॉलर. हेच अंतर २०६ अडीच तासांत कापतं, १४० लिटर अॅव्हगॅसवर, म्हणजे अडीचशे डॉलर. पण नेते एकच गाडी! इंधनापुरतं बोलायचं तर खोका आणि टेम्पो एकाच भावात पडतात. मी हे गणित तीनदा केलं, चुकलं असेल म्हणून.

इंधनापुरतं, हे शब्द मात्र विसरू नका. दोन टर्बाइनची देखभाल, सुटे भाग कुठून आणायचे ही कटकट आणि चालवायला सवयीचा वैमानिक, हे सगळं त्यावर. बहुतेक स्कायव्हॅन आता पॅराशूटने उड्या मारणाऱ्यांच्या केंद्रांकडे आहेत, आणि तुमच्यासारख्या चार मित्रांनी विकत घेण्यापेक्षा अशा कोणाकडून कायदेशीर भाड्याने वापरावं हे जास्त शहाणपणाचं. याचंच थोरलं भावंड, मागे रॅम्प असलेलं सी-२३ शेर्पा, अमेरिकेच्या सैन्यात २०१४ पर्यंत होतं. पण त्याचं उड्डाणाचं कमाल वजन साडेबारा हजार पौंडांच्या वर जातं, त्यामुळे वैमानिकाला त्या विमानाचं वेगळं रेटिंग, म्हणजे लायसन्सवरची जादा परवानगी, घ्यावं लागतं. स्कायव्हॅन बरोबर त्या रेषेवर थांबतं.

असली सेवा पूर्वी कोणी चालवली होती का?

हो, आणि झोकात. जुलै १९४८ मध्ये सिल्व्हर सिटी एअरवेजने इंग्लंडमधल्या लिम्पहून फ्रान्समधल्या ल तूकेला कार न्यायला सुरुवात केली. विमान होतं ब्रिस्टल फ्रेटर. बोजड, आवाजी, पण नाकाचे दोन भाग कपाटाच्या दारांसारखे उघडायचे आणि कार थेट आत जायची. दोन कार, पुढच्या लांबट आवृत्तीत तीन, आणि मोटारसायकली व सायकलीही. स्वार मागच्या दालनात बसायचे. खाडी ओलांडायला वीस-पंचवीस मिनिटं. बोटीवर क्रेनने कार चढवण्याच्या त्या काळात हे सुख होतं.

पुढे १९६१ मध्ये जुन्या डीसी-४ चं डोकं कापून, वैमानिकांची खोली वर चढवून कारव्हेअर नावाचं विमान केलं. अशी २१ झाली. दिसायला बाळ जम्बो जेट. पण तोवर कार थेट चालवत आत न्यायच्या बोटी आल्या, १९६८ पासून खाडीवर मोठी हॉवरक्राफ्ट धावू लागली, आणि विमानाचं गणित कोलमडलं. आकाशातल्या फेरीला पाण्यावरच्या फेरीने हरवलं. रस्त्यावरच्या पिकअप ट्रकशी आपली लढाई तशीच आहे, हे खर्चाच्या प्रश्नात दिसेलच.

विमान मोठं करण्यापेक्षा गाडीच छोटी केली तर?

आता बोललात! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी हेच केलं. वेलबाइक नावाची दुमडणारी गाडी होती, ३२ किलोची, ९८ सीसीची, पॅराशूटच्या नळकांड्यात मावणारी. आणि रॉयल एनफिल्डची १२५ सीसीची ‘फ्लाइंग फ्ली’, साठ किलोच्या आतली. ती लोखंडी पिंजऱ्यात बांधून पॅराशूटने टाकत किंवा ग्लायडरमधून नेत. १९४४ मध्ये नेदरलँड्समधल्या आर्नेमच्या लढाईत या गाड्या होत्या. आज दोनशे किलोची हिमालयन विकणाऱ्यांचीच ही आजी. कंपनीने २०२४ मध्ये विजेवरच्या गाडीला तेच नाव दिलं.

आजच्या बाजारात होंडाची ट्रेल १२५ किंवा मंकी बघा. शंभर-सव्वाशे किलो, बुटकी, पण पुरेशी दणकट. होंडाचीच जुनी सीटी९० तर हँडल फिरवून गाडीच्या लांबीला समांतर करता येणारी होती. जुन्या काळची आडरानात उतरणारी वैमानिक मंडळी ती घेऊन फिरत. विमान उतरवायचं, गाडी काढायची, गावात जाऊन जेवून यायचं. एका चेरोकी सिक्समध्ये अशी एक गाडी आणि तीन माणसं निवांत जातात.

(कायनेटिकची लूना इथे मिळाली असती तर हे पान लिहायची वेळच आली नसती. पन्नास किलो आणि पेडलही.)

पेट्रोल, बॅटरी, टायर. काय काळजी घ्यायची?

टायरची भीती फुकटची. दहा हजार फुटांवर बाहेरचा दाब जमिनीवरच्या सुमारे ७० टक्के असतो. म्हणजे टायरला साडेचार पीएसआय जास्त भरल्यासारखं वाटेल. चौदाचा टायर साडेअठरा. काही होत नाही.

पेट्रोलची भीती खरी. वर गेल्यावर टाकीतली वाफ आणि हवा फुगते आणि वाट मिळेल तिथून बाहेर येते. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत वाटीतलं पेट्रोल नळीतून ठिबकतं. माझ्या पहिल्याच खेपेला मी टाकी रिकामी केली आणि कार्बोरेटरची वाटी विसरलो. आठ हजार फुटांवर केबिनभर पेट्रोलचा वास. हीटर बंद, खिडकी उघडी, जवळचा विमानतळ शोधून उतरलो. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून वाटीचा स्क्रू उघडून शेवटचा थेंब गाळल्याशिवाय गाडी विमानाजवळ आणत नाही. कंपन्यांच्या हवाई मालवाहतुकीत टाकी शक्य तितकी रिकामी, पावपेक्षा जास्त नाहीच, असा नियम आहे. आपल्या विमानात, आपल्याच पाठीमागे गाडी असताना मी शून्यच धरतो. उतरल्यावर पेट्रोल मिळेल की नाही ते आधी बघून ठेवा.

बॅटरीची तार काढा, टोकाला चिकटपट्टी लावा. जुनी आम्लाची बॅटरी असेल तर ती बदला, नाहीतर विमानाच्या अॅल्युमिनियमला आम्ल खाईल. विजेची गाडी? मोठी लिथियम बॅटरी लहान केबिनमध्ये पेटली तर विझवायचा मार्ग नाही. मी नेत नाही.

गाडी बांधायची कशी?

या उत्तरासाठी घाई करू नका.

२९ एप्रिल २०१३ ला अफगाणिस्तानातल्या बगराम तळावरून एक मालवाहू बोइंग ७४७ उडालं. आत सैन्याची चिलखती वाहनं होती, पट्ट्यांनी बांधलेली. उड्डाण करताना त्यातलं निदान एक सुटलं, मागे सरकलं आणि शेपटीकडची नियंत्रणं निकामी करून गेलं. विमान तळाशेजारीच कोसळलं. सातही कर्मचारी गेले. तुमचं विमान लहान आहे म्हणून भौतिकशास्त्र लहान होत नाही.

धक्क्यात वस्तू पुढच्या दिशेने स्वतःच्या वजनाच्या नऊपट जोराने जाते असं धरून बांधायचं, ही विमानातली जुनी पद्धत. ११२ किलोची गाडी म्हणजे टनभर. दुकानातले रॅचेट पट्टे मजबूत असतात, पण ते ज्या कडीला अडकवता ती कडी किती पेलते? खुर्चीच्या रुळांना बसणाऱ्या, विमानासाठी बनवलेल्या कड्या आणा आणि त्यांच्यावर छापलेला भार वाचा. चारही दिशांना पट्टे, आणि पुढे ओढणारे दुप्पट. फोर्क पूर्ण दाबून बांधू नका, सील जातं. चाक आणि मडगार्डच्या मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून मग आवळा. विमान हलायला लागलं की गाडीचं सस्पेन्शन नाचतं आणि पट्टा सैल होतो, म्हणून उड्डाणाआधी एकदा आणि धावपट्टीकडे जाऊन आल्यावर परत एकदा हात लावून बघा.

हे सगळं एकदा तुमच्या विमान-मेकॅनिककडून नीट बघून घ्या. कुठे काय अडकवायचं हे कागदावर मंजूर असलं तर विमा कंपनीसमोर बोलती बंद होत नाही.

स्वार गाडीच्या पुढे बसवायचे की मागे?

मागे बसवता आले तर उत्तम, म्हणजे सुटलेली गाडी कोणाच्या पाठीत येणार नाही. पण २०६ मध्ये तसं केलं तर गाडी पुढे आणि माणसं दारापासून लांब अडकतात. शिवाय गुरुत्वमध्य कुठे जातो ते बघावं लागतं. बहुतेक लोक गाडी मागेच ठेवतात, आणि म्हणून बांधणीत कंजुषी परवडत नाही. दाराकडे जायचा रस्ता मात्र कधीच बंद नको. गाडी मागे ठेवल्याने विमान शेपटीला जड होतं. प्रत्येक खेपेला वजन-समतोलाचा तक्ता नव्याने मांडा. ‘मागच्या वेळी बसली होती’ हा तक्ता नव्हे.

उन्हाळ्यात डोंगरात जायचंय. काही वेगळं?

मोआबचा विमानतळ साडेचार हजार फुटांवर आहे. जुलैच्या दुपारी ३८ अंशांत तिथली हवा आठ हजार फुटांच्या वरची असल्यासारखी विरळ होते. टर्बो नसलेलं इंजिन तिथे पाव ताकद गमावून बसलेलं असतं. येताना गाडी, स्वार आणि भरलेली टाकी घेऊन त्या दुपारी उडायचं नसतं. पहाटे निघा. नाहीतर मुक्काम करा, गाडी आहेच फिरायला.

लायसन्स कोणतं लागतं? मित्रांकडून पैसे घेता येतात का?

खाजगी वैमानिकाचं लायसन्स, किमान ४० तासांचं उड्डाण. प्रत्यक्षात बहुतेकांना जास्त लागतात. ३०० अश्वशक्तीच्या विमानासाठी प्रशिक्षकाची जादा सही. दोन इंजिनांसाठी वेगळं रेटिंग. एएन-२ चं तिसरं चाक शेपटीखाली, त्याचीही वेगळी सही.

पैशांचं मात्र नीट ऐका, इथे लोक फसतात. खाजगी वैमानिकाला बरोबरच्या प्रवाशांमध्ये इंधन, तेल, विमानतळाचं शुल्क आणि भाड्याचं विमान असेल तर त्याचं भाडं समान वाटून घेता येतं. स्वतःचा वाटा स्वतः भरायचाच. ‘गाडीमागे तीनशे डॉलर द्या, नेऊन सोडतो’ म्हटलं की तो व्यवसाय झाला, आणि त्याला पूर्ण वेगळा परवाना लागतो. चार जणांनी मिळून विमान विकत घेणं कायदेशीर आहे, पण वकिलाकडून करार करून. भिशीच्या भरवशावर नव्हे.

शेवटी खर्च किती?

माझा २०६ चा कागदावरचा हिशेब सांगतो. हँगर, विमा आणि वार्षिक तपासणी मिळून वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर सहज जातात. वर्षाला ८० तास उडवलं तर तासाला दीडशे डॉलर इथेच. इंधन शंभर. इंजिन १,७०० तासांनी उघडायचं आणि त्याला साठ हजार लागतील असं धरून तासाला पस्तीस बाजूला. म्हणजे पावणेतीनशे ते तीनशे, अजून काही मोडलेलं नसताना. मोआबला जाऊन येऊन पाच तास: चौदा-पंधराशे डॉलर, एका गाडीचे.

पिकअप ट्रकमध्ये तीन गाड्या मागे टाकून तोच प्रवास आठ तासांचा, आणि जाऊन-येऊन पेट्रोल दोनशे डॉलरच्या आत. शिवाय वाटेत चहा.

म्हणून ज्यांच्याकडे विमान आधीच आहे त्यांना मी गाडी न्या म्हणतो. गाडी न्यायची म्हणून विमान घेतो म्हणणाऱ्याला आधी शंकेने बघतो. अपवाद एकच: रस्ता जिथे जातच नाही. अलास्कातली रस्त्याविना गावं, आयडाहोतल्या डोंगरातल्या गवती पट्ट्या, मेक्सिकोच्या बाहातल्या मातीच्या धावपट्ट्या. तिथे विमानाची बरोबरी करणारा ट्रक नाही.

भारतात हे करता येईल का?

पुण्याहून लेहला? रेल्वेचं पार्सल ऑफिस आहे की. टाकी रिकामी करा, आरसीची प्रत द्या, गोणपाटात गुंडाळून जम्मू किंवा चंदीगडला पाठवा आणि तुम्ही विमानाने जा. गाडी एक दिवस उशिरा येईल, एखादा आरसा जाईल. खाजगी लहान विमानासाठी लागणारं अॅव्हगॅस आणि मोकळ्या छोट्या धावपट्ट्या आपल्याकडे फार मोजक्या ठिकाणी आहेत. आणि लेहचा विमानतळ दहा हजार सहाशे फुटांवर आहे. लादलेलं २०६ तिथे उन्हाळ्याच्या दुपारी धावपट्टी सोडायला राजी होणार नाही.

एवढं वाचून तरी घ्यायचंच आहे. पहिलं काम कोणतं?

तुमची गाडी मोजा. हँडलसकट, आणि मग हँडल काढून. पुढच्या चाकासकट, आणि काढून. चार आकडे कागदावर लिहा, पुठ्ठा कापा. मग जवळच्या लहान विमानतळावर शनिवारी सकाळी जा, एखाद्या २०६ वाल्याला कॉफी पाजा आणि त्याला विचारा की दार जरा उघडतोस का.